व्यंग कशाला म्हणावे आणि व्यंगलेखक कोणाला

आपल्या मंडळात लेखकांची वर्गवार सूची तयार होत असून ‘व्यंगलेखक’ या सदराखाली कोणाला घ्यावे यावर एकमत होत नाही, असे आपण कळवले आहे. अडलेली उदाहरणे तीन आहेत. एकाने धडधडीत खोटी बातमी लिहिली आणि ती अंगाशी आल्यावर ‘ते व्यंग होते’ असे जाहीर केले. एका कवीने आयुष्यभर गंभीर कविता लिहिली, पण त्याच्या नावावर एक व्यंगात्मक पुस्तकही आहे. तिसरा रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करतो आणि स्वतःच्या परिचयात स्वतःला व्यंगकार म्हणवतो. या तिघांपैकी कोणाला आत घ्यावे आणि कोणत्या निकषावर, हा आपला प्रश्न आहे.

कोशातील नोंदी तपासण्याच्या कामात असे तंटे माझ्यापुढे वारंवार आले आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच निघाले आहे. दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. एखादा मजकूर व्यंग आहे की नाही, हा त्या मजकुराविषयीचा प्रश्न असून त्याचे उत्तर शक्य तितके मजकुरातूनच काढले पाहिजे. एखादी व्यक्ती व्यंगलेखक आहे की नाही, हा तिच्या एकूण कामाविषयीचा प्रश्न आहे आणि पहिल्याचा निकाल लागल्याखेरीज त्याला हात घालू नये. ‘अमुक हा मान्यवर व्यंगलेखक आहे, म्हणून त्याचे हे लेखनही व्यंगच असले पाहिजे’ असा युक्तिवाद बैठकीत कोणी केला, तर तो तिथेच थांबवावा. मान्यवर व्यंगलेखकही खोटे बोलू शकतो, चिडून शिव्या देऊ शकतो किंवा नुसता कंटाळवाणा लेख लिहू शकतो.

मजकूर हाती घेतल्यावर मी आधी त्याचे लक्ष्य शोधतो. मजकुराबाहेर खरोखर अस्तित्वात असलेली व्यक्ती, संस्था, प्रवृत्ती किंवा विचारसरणी, जिचे काहीतरी चुकते आहे असे लेखकाला वाटते, ती म्हणजे लक्ष्य. मग हे म्हणणे तो सरळ मांडतो की आडवळणाने, म्हणजे अतिशयोक्ती, सोंग, खोटी स्तुती, उलटे केलेले जग अशा एखाद्या मार्गाने, हे पाहतो. शेवटी त्या आडवळणातून वाचकाला काही निवाडा हाती लागतो का, हे तपासतो. लक्ष्य नसेल तर उरतो तो विनोद, आडवळण नसेल तर टीका आणि निवाडा नसेल तर टवाळी. एकोणिसाव्या शतकातले समाजसुधारक लोकहितवादी यांची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. त्यांतला समाजावरचा प्रहार कोणत्याही व्यंगापेक्षा सौम्य नाही, पण लोकहितवादी जे म्हणतात तेच त्यांना म्हणायचे असते. म्हणून ती निर्भीड टीका आहे, व्यंग नाही, आणि असे म्हटल्याने त्यांची किंमत तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्या टोकाला चिं. वि. जोशींचा चिमणराव आहे. त्याच्या फजितीत मध्यमवर्गावरच्या व्यंगाची छटा जरूर दिसते, परंतु लेखकाला चिमणरावाला दोषी ठरवायचे नसून त्याच्या सोबत हसायचे असते. माझ्या मते तो विनोदच. सूची करणाऱ्यांचा ओढा असा असतो की, जे जे हसवते ते ते व्यंगात ढकलून मोकळे व्हावे, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

हसू येणे ही व्यंगाची आवश्यक अट नाही, हे दाखवण्यासाठी आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टचे ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ (एक माफक सूचना) हे पत्रक जवळून पाहण्यासारखे आहे. १७२९ साली ते डब्लिनमध्ये लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘स्विफ्टने लिहिले आहे, तेव्हा व्यंग असणार’ असा आधार पहिल्या वाचकाला मुखपृष्ठावर नव्हता. निवेदक शांत, हिशेबी आणि लोककल्याणाची कळकळ असलेला गृहस्थ आहे. तो आकडे मांडतो: आयर्लंडची लोकसंख्या पंधरा लाख, त्यांत मुले होऊ शकतील अशी जोडपी दोन लाख, पैकी मुले पोसू शकणारी ३०,००० वजा करावीत, म्हणजे उरली १,७०,०००, गर्भपात किंवा वर्षाच्या आत होणारे मृत्यू यांसाठी आणखी ५०,००० वजा, राहिली गरिबांची १,२०,००० मुले. त्यांतली २०,००० वंशवृद्धीसाठी राखावीत आणि उरलेली एक लाख एक वर्षाची झाली की धनिकांच्या जेवणासाठी विकावीत. त्या गणितात वजाबाकीची एकही चूक नाही, आणि नेमके तेच अंगावर येते. गरिबांकडे केवळ संख्या म्हणून पाहणाऱ्या त्या काळच्या योजनाकारांची सारी भाषा आणि सारा आत्मविश्वास निवेदकाने उचलला आहे.

आता यात निवाडा कुठे आहे? पत्रकाच्या उत्तरार्धात निवेदक वैतागून म्हणतो की, दुसरे उपाय मला कोणी सांगू नयेत, आणि मग ते उपाय एकेक करून मोजतो: परदेशी राहून आयर्लंडमधला खंड खाणाऱ्या जमीनदारांवर पौंडामागे पाच शिलिंग कर बसवणे, देशातच पिकलेल्या आणि तयार झालेल्या वस्तू वापरणे, कुळांबद्दल जमीनदारांच्या मनात थोडी तरी दया उत्पन्न करणे. हे सगळे उपाय साधे, करता येण्याजोगे आणि कोणी करत नसलेले आहेत. देशी माल वापरण्याचा आग्रह तर स्विफ्टने १७२० साली वेगळ्या पत्रकातून उघडपणे धरला होता. ज्याने हे पत्रक शेवटपर्यंत वाचले, त्याच्या हाती सोंगाची शिवण लागते आणि आतला माणूस दिसतो. मजकुरातच असलेली ही सोय मी सर्वांत महत्त्वाची मानतो. व्यंग वाचकाला फसवू शकते, पण त्याला बाहेर पडण्याची वाट त्याच मजकुरात ठेवते.

ही वाट अगदी अरुंद असेल तर काय होते, याचे उत्तर इंग्रज लेखक डॅनिएल डिफोच्या प्रकरणात आहे. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथीयांना कायमचे निपटून काढावे, त्यांच्या उपदेशकांना फाशी द्यावे आणि अनुयायांना हद्दपार करावे, असा सल्ला देणारे एक निनावी पत्रक १७०२ साली निघाले. कट्टर चर्चवाद्यांच्या आवाजाची नक्कल त्यात इतकी हुबेहूब होती की त्यांच्यातल्या काहींनी ते मनापासून उचलून धरले. लेखक डिफो असल्याचे आणि तो स्वतः त्याच छळलेल्या पंथीयांपैकी असल्याचे उघड झाल्यावर दोन्ही बाजू संतापल्या. पत्रक जाळण्याचा आदेश पार्लमेंटने दिला आणि १७०३ च्या जुलैमध्ये डिफोला तीन दिवस खोड्यात उभे केले गेले. त्या पत्रकात लक्ष्य आहे, सोंग आहे, पण दुसऱ्या उपायांची यादी नाही; त्यातला आवाज कोठेही चिरकत नाही. मी त्याला व्यंगच म्हणतो, कारण त्याची तर्कपद्धती कट्टरांच्या बोलण्याला त्याच्या शेवटापर्यंत नेते आणि त्यामुळे त्यांना ‘हो, आम्हाला हेच हवे’ किंवा ‘छे, एवढे नको’ यांपैकी एक काहीतरी बोलावे लागते. मात्र कोणी त्याला फसवे पत्रक म्हटले तर मी वाद वाढवणार नाही. सीमारेषेवरचे उदाहरण सीमारेषेवरचेच म्हणून नोंदवणे, हाही निर्णयच असतो.

याच कसोटीवर आपले पहिले उदाहरण घ्यावे. खोटी बातमी आणि बातमीच्या रूपातले व्यंग दिसायला सारखे असतात. फरक पाहायचा असेल तर असा वाचक डोळ्यांपुढे आणावा, ज्याने तो मजकूर खरा मानला आहे. व्यंगाच्या दृष्टीने त्या वाचकाचा गैरसमज म्हणजे अपघात असतो, किंवा फार तर लक्ष्याची फजिती असते. मजकूर नीट वाचल्यावर तो गैरसमज टिकू नये अशीच रचना असते. थापेच्या दृष्टीने तोच वाचक यशाचा पुरावा असतो, आणि मजकूर जितका बारकाईने वाचावा तितका अधिक खरा वाटावा अशी तिची बांधणी असते. तेव्हा त्या बातमीत कोणती गोष्ट मुद्दाम अशक्य ठेवली आहे, कोणाची भाषा उचलली आहे, आणि ती खोटी आहे हे कळल्यावर कोणाचा दोष उघडा पडतो, हे प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर ‘काही नाही, कोणाची नाही, कोणाचाच नाही’ असे आले, तर नंतर केलेली घोषणा ही केवळ सुटकेची पळवाट आहे. अशा लेखकाचे नाव सूचीत घेऊ नये. प्रकरण गाजलेले असल्यामुळे त्याची नोंद करणे भागच असेल, तर ‘लेखकाने नंतर हा मजकूर व्यंग असल्याचा दावा केला’ एवढेच वाक्य लिहावे. दावा त्याचा, भाषा आपली नव्हे.

वाचकांनी गैरसमज करून घेतला म्हणजे मजकूर व्यंग नव्हता, असे मात्र समजू नये. २०१२ साली ‘दि ओनियन’ या अमेरिकी व्यंगपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांना त्या वर्षीचा सर्वांत मादक पुरुष घोषित केले, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ती घोषणा खरी मानून छायाचित्रांच्या मालिकेसह छापली. त्या मजकुरातली स्तुती कोणत्याही चौकस वाचकाला अशक्य वाटावी इतकी फुगवलेली होती. सरकारी स्तुतीची सवय असलेल्या डोळ्यांना ती खटकली नाही, एवढेच. वाचक स्वतःची समजूत बरोबर घेऊन येतो, हे संशोधनातही दिसले आहे. अमेरिकी विनोदकार स्टीफन कोल्बेअर हा दूरचित्रवाणीवर पुराणमतवादी भाष्यकाराचे सोंग घेत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, उदारमतवादी प्रेक्षकांइतकाच तो पुराणमतवाद्यांनाही विनोदी वाटत होता, परंतु पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल ‘हा थट्टेचा केवळ आव आणतो, त्याला मनातून हेच म्हणायचे आहे’ असे मानण्याकडे अधिक होता. अशा स्थितीत वाचकांचा कौल घेऊन वर्गीकरण ठरवायला गेलो, तर एकाच कार्यक्रमाचे दोन वर्ग करावे लागतील.

मजकुरावर ‘हे व्यंग आहे’ अशी पट्टी असणे पुरेसे आहे का, हा प्रश्नही हमखास निघतो. पट्टी उपयोगी असते, निर्णायक नसते. अमेरिकेतले हस्लर मासिक आणि धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या खटल्यात, मासिकाने फॉलवेल यांच्यावर छापलेल्या एका बनावट जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ते विडंबन असल्याची सूचना होती. पण ज्युरीने बदनामीचा आरोप फेटाळताना जे कारण दिले ते असे की, त्या मजकुराला कोणीही समंजस माणूस प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींचे वर्णन मानणार नाही. मानसिक त्रासाबद्दल दिलेली भरपाईही पुढे १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कायद्याला जबाबदारी ठरवायची असते आणि आपल्याला वर्ग ठरवायचा असतो, त्यामुळे न्यायालयाचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही; तरी ‘समंजस वाचक’ ही कल्पना उसनी घेण्याजोगी आहे. पट्टी झाकावी आणि तो वाचक काय समजेल ते पाहावे.

विडंबनाचा वेगळा विचार करणे भाग आहे, कारण ते व्यंगाचे साधन असू शकते आणि नसूही शकते. एखाद्या गंभीर कवितेच्या चालीवर रोजच्या कटकटीचे गाणे रचणे हे विडंबन झाले, पण त्यात लक्ष्य कोणीच नाही. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या आणि १९२५ साली ग्रंथरूप झालेल्या ‘झेंडूची फुले’मध्ये तसे नाही. तिथे तत्कालीन कवींच्या लकबी, त्यांची उसनी हळवी भाषा आणि कविपणाचा तोरा हेच लक्ष्य आहे, आणि नक्कल इतकी मापात आहे की मूळ लकब त्यानंतर निरागसपणे वाचता येत नाही. हे विडंबनही आहे आणि वाङ्मयीन व्यंगही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका गाण्याच्या प्रकरणात असाच भेद केला: मूळ कृतीवरच भाष्य करणाऱ्याला तिची नक्कल करण्याची गरज असते, पण भलत्याच कोणाची थट्टा करण्यासाठी ती कृती वापरणाऱ्याने ती का उचलली याचे समर्थन द्यावे. तो भेद स्वामित्वहक्कापुरता होता. पण सूचीच्या कामात मी तो बिनदिक्कत वापरतो.

व्यंगाने नेहमी बलवंतांनाच झोडपले पाहिजे, दुर्बलांवर रोखलेले व्यंग हे व्यंगच नव्हे, असे आपल्या सदस्यांपैकी एकाचे मत असल्याचे आपण लिहिले आहे. चांगल्या व्यंगाची कसोटी म्हणून मला ते मान्य आहे. व्याख्या म्हणून मान्य नाही. रोमन कवी ज्युवेनलचे सहावे व्यंगकाव्य हे स्त्रियांवरचे प्रदीर्घ, द्वेषपूर्ण आरोपपत्र आहे, आणि तरीही व्यंगाचा इतिहास लिहिताना कोणी त्याला वगळत नाही. लेखकाची नीती पसंत नाही म्हणून त्याचा वर्ग बदलणे सुरू केले, की सूची ही आपल्या आवडीनिवडींची यादी होऊन बसते. मात्र एक मर्यादा मी पाळतो. ज्या गोष्टीचा जाब माणसाला विचारता येतो, म्हणजे त्याचे कृत्य, ढोंग, लोभ, मूर्ख हट्ट, तिच्यावर निवाडा होऊ शकतो. जन्म, शरीर किंवा आजार यांवरच्या थट्टेत निवाड्याला जागाच नसते, म्हणून तिला व्यंग म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

आता व्यक्तीकडे वळू. नाम आणि विशेषण यांत फरक केला की बराचसा वाद आपोआप मिटतो, असा माझा अनुभव आहे. ‘व्यंगात्मक लेखनही केले’ हे विशेषण शेकडो लेखकांना लागू पडेल. ‘व्यंगलेखक’ हे नाम त्यालाच द्यावे, ज्याचे नाव घेताना ते टाळले तर त्याची ओळख खोटी ठरेल. पुस्तकांची संख्या मोजून हे ठरत नाही. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राचे काम पानांच्या हिशेबाने पाहिले, तर रामायण, महाभारत आणि बृहत्कथा यांच्या संक्षेपांनीच मोठी जागा व्यापली आहे. शिवाय औचित्यविचार, म्हणजे काव्यात काय शोभते याचा विचार, मांडणारा काव्यशास्त्रज्ञ म्हणूनही तो ओळखला जातो. पण ‘देशोपदेश’ आणि ‘नर्ममाला’ यांत लाचखाऊ कारकून, कंजूष सावकार, दांभिक गुरू असे नमुने ज्या डोळ्यांनी टिपले आहेत, ते डोळे संस्कृतात दुसऱ्या कोणाचे नाहीत. संक्षेप करणारे इतरही होते. म्हणून क्षेमेंद्राला व्यंगलेखक म्हणावे, आणि काव्यशास्त्रज्ञही म्हणावे. माणसाला एकच सदर द्यायचे असा नियम आपल्या सूचीत असेल, तर तो नियमच आधी बदलावा.

उलट डच विद्वान इरॅस्मसचे उदाहरण पाहा. १५११ साली छापलेली त्याची मूर्खपणाची स्तुती युरोपातल्या व्यंगाच्या कोणत्याही इतिहासात असते, आणि सामान्य वाचकाला बहुधा त्याचे तेवढेच पुस्तक माहीत असते. परंतु ग्रीक नव्या कराराची १५१६ ची आवृत्ती, पत्रव्यवहार, शिक्षणविषयक लेखन हे सारे बाजूला ठेवून त्याला प्रथम व्यंगलेखक म्हणणे ही वाचकाच्या अपुऱ्या वाचनाला दिलेली सवलत ठरेल. अत्र्यांचेही तसेच: नाटककार, संपादक, चित्रपट दिग्दर्शक, वक्ता या ओळखी झाल्यावर विडंबनकार ही ओळख यावी, पण ती गाळू मात्र नये. आपल्या कवीचा प्रश्न यात येऊन जातो. त्याचे पुस्तक व्यंगात्मक कृतींच्या सूचीत घ्यावे, त्याला स्वतःला कवींच्या सदरात ठेवावे आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडाव्यात. एखाद्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि तेच व्यंगात्मक निघाले, तर मात्र त्याला नाम मिळेल. पाहायचे ते त्याच्या ओळखीत व्यंगाला असलेले स्थान.

लेखणीऐवजी कुंचला असेल तर निकष बदलत नाहीत, पण काळाचे भान ठेवावे लागते. फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए याने १८३१ साली फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला प्रजेचा पैसा गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात दाखवले आणि त्याबद्दल तुरुंगवास भोगला. १८३५ च्या सेन्सॉरशिपच्या कायद्यांनंतर राजकीय व्यंगचित्रे काढणे जवळजवळ अशक्य झाले, तेव्हा त्याने वकील, न्यायाधीश आणि शहरी मध्यमवर्ग यांना लक्ष्य केले. राजा चित्रातून गेला म्हणून व्यंग गेले नाही. सेन्सॉरखाली काम करणाऱ्यांची नोंद करताना, लक्ष्य बदलले म्हणजे लेखक सौम्य झाला असा शेरा घाईने मारला जातो. ते लक्ष्य कोणत्या साली आणि कोणत्या कायद्यामुळे बदलले, हे आधी पाहावे.

राहिला तो रंगमंचावरचा विनोदकार. त्याने स्वतःला काय म्हणवून घेतले याला मी फार थोडे महत्त्व देतो. हा शब्द प्रतिष्ठेचा झाल्यापासून तो स्वतःला लावून घेणारे वाढले आहेत, आणि उलट, कायद्याच्या किंवा जमावाच्या भीतीने तो नाकारणारेही आहेत. त्याच्या ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमांतले दोन-तीन पूर्ण पाहावेत. आठ-दहा सेकंदांच्या तुकड्यांवरून मत बनवू नये, कारण तुकडा पाडताना आडवळण नेमके तुटते आणि निवाडा गळून पडतो. स्वतःच्या संसाराच्या, प्रवासाच्या, वजनाच्या गमती हा कार्यक्रमाचा गाभा असेल, तर तो विनोदकार. मधूनच पुढाऱ्याचे नाव घेऊन टाळी मिळवल्याने त्यात फरक पडत नाही. दुसरे असे की, हा मजकूर लिहितो कोण, ते विचारावे. इतरांनी लिहिलेली व्यंगात्मक संहिता उत्तम सादर करणारा हा नट आहे आणि श्रेय संहिताकारांचे आहे. तो लेखकगटाचे नेतृत्व करत असेल आणि दृष्टिकोन त्याचा असेल, तर गोष्ट वेगळी. व्यक्ती हयात असल्यामुळे, तिच्या कामाचा व्यंग म्हणून विचार करणारी किमान दोन स्वतंत्र परीक्षणे हाती असावीत. मुलाखती आणि प्रसिद्धिपत्रके त्यांत धरू नयेत. ती मिळेपर्यंत ‘व्यंगात्मक कार्यक्रमही करणारा विनोदकार’ अशी नोंद ठेवावी, आणि नोंद तपासल्याचे वर्ष तिच्या शेवटी टाकावे, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती कोठून उचलायची हे संपादकाला कळेल.